उमरखेडवरून यान न्यायचं तर

फ्लोरिडातल्या केप कॅनव्हेरलहून एक यान सोडायचं आहे आणि पहिल्याच फेरीत ते आपल्या उमरखेडच्या बरोबर डोक्यावरून जायला हवं. सोडताना त्याचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं?

प्रश्न शाळेतल्या भूगोलाइतका सोपा वाटतो. केप कॅनव्हेरल साधारण २८.५ अंश उत्तर अक्षांशावर आणि ८०.५ अंश पश्चिम रेखांशावर आहे. उमरखेड साधारण १९.६ अंश उत्तर आणि ७७.७ अंश पूर्व. रेखांशांतलं अंतर १५८.२ अंश, म्हणजे आपण जवळजवळ पृथ्वीच्या पाठीमागे. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली जवळची वाट शोधायचं सूत्र खलाशी आणि ज्योतिर्गणिती पिढ्यान् पिढ्या वापरत आलेत. त्यात आपले आकडे घातले की उत्तर मिळतं, उत्तरेपासून पूर्वेकडे २६ अंश. यान उत्तर अटलांटिकवरून चढत जाईल, मग रशिया आणि मध्य आशियावरून उतरत आपल्याकडे येईल.

या उत्तरावर विसंबून यान सोडलं तर मात्र ते आपल्याला दिसायचं नाही. एवढी वाट कापायला त्याला सुमारे ३१ मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात उमरखेड जागेवर थांबून राहत नाही. पृथ्वी दर मिनिटाला पाव अंश पूर्वेकडे फिरते. यान येईपर्यंत आपलं गाव, पैनगंगा आणि तिच्या काठच्या हळदीच्या वावरांसकट, पावणेआठ अंशांहून जरा जास्तच पुढं सरकलेलं असतं. तेव्हा नेम गाव आज आहे तिथं न धरता ३१ मिनिटांनी असेल तिथं धरायला हवा. बरं, १५८.२ च्या जागी १६६ घालू. आता उत्तर येतं १७.३ अंश. २६ वरून एकदम १७ वर!

तरीही काम संपलेलं नाही. दिशा बदलली म्हणून वाट बदलली, वाट थोडी लांबली म्हणून वेळ वाढला. ३१ ची ३२ मिनिटं झाली, म्हणजे गाव आणखी जरासं सरकलं. पुन्हा तेच सूत्र, नवे आकडे, आणि आता उत्तर १७.१. ते उत्तर पुन्हा आत घातलं तर आकडा जागचा हलत नाही. हलायचा थांबला की थांबायचं. वेळ कळल्याशिवाय दिशा कळत नाही आणि दिशा ठरल्याशिवाय वेळ ठरत नाही, असा हा पेच. तो एका झटक्यात सोडवणारं सूत्र नाही. अंदाज घ्यायचा, तपासायचा, सुधारायचा आणि पुन्हा तपासायचा.

हे गणित मी फार सोपं करून मांडलं आहे, हे सांगितलं पाहिजे. पृथ्वी अगदी वाटोळी धरली, यानाची कक्षा बिनचूक वर्तुळाकार धरली, सुटल्याबरोबर ते कक्षेत पोचलं असंही धरलं. शिवाय प्रत्यक्षात केपहून असं उत्तरेकडे तोंड करून माणसाचं यान कोणी सोडणार नाही, कारण वाटेत किनाऱ्यावरची वस्ती येते. तिथून यानं पूर्वेकडे, समुद्रावरून सोडतात. खऱ्या कामात कक्षा लंबवर्तुळाकार असते, त्यामुळे यानाचा वेग सतत कमीजास्त होतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, त्या फुगवट्याच्या ओढीनं कक्षेची पातळीच हळूहळू वळत जाते. आणि अग्निबाणाचं इंजिन बंद पडतं त्या क्षणाचा वेग, उंची, कोन यांतली बारीकशी चूक पुढं कित्येक किलोमीटरची होते. कक्षेतलं यान सेकंदाला पावणेआठ किलोमीटर धावतं. आपल्या सोप्या गणितातसुद्धा दिशेत एका अंशाची चूक झाली तर यान उमरखेडपासून ८५ किलोमीटर बाजूला पडतं, म्हणजे तिकडे आदिलाबादवर नाहीतर इकडे औंढा नागनाथच्याही पलीकडे.

या सगळ्या गुंतागुंतीसह हा प्रश्न ज्यांनी सोडवला त्यांतली एक होती कॅथरिन जॉन्सन. सप्टेंबर १९६० मध्ये नासानं एक तांत्रिक अहवाल छापला. पृथ्वीवरच्या ठरावीक ठिकाणावरून उपग्रह नेण्यासाठी इंजिन बंद होताना दिशेचा कोन किती असावा, हा त्याचा विषय. लेखक दोन, टी. एच. स्कोपिन्स्की आणि कॅथरिन जी. जॉन्सन. नासाच्या लँग्ली प्रयोगशाळेतल्या उड्डाण संशोधन विभागात संशोधन अहवालावर लेखक म्हणून बाईचं नाव येण्याची ती पहिली वेळ. ही बाई कृष्णवर्णीय होती. तिचं ऑफिस व्हर्जिनिया राज्यात होतं, आणि तिथं तेव्हाही शाळा, हॉटेलं गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी होती.

२०१६ मध्ये मार्गो ली शेटर्ली यांचं ‘हिडन फिगर्स’ हे पुस्तक आलं, पाठोपाठ त्याच नावाचा सिनेमा आला, आणि कॅथरिन व तिच्यासारख्या लँग्लीतल्या कृष्णवर्णीय गणिती बायका जगाला माहीत झाल्या. सिनेमा आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिला. त्यात कॅथरिन ‘काळ्यांच्या’ स्वच्छतागृहासाठी उन्हापावसात धावत जाते आणि शेवटी साहेब हातोड्यानं ती पाटी फोडतो. प्रत्यक्षात कॅथरिन पाटी नसलेल्या, गोऱ्या बायकांच्या स्वच्छतागृहातच खुशाल जात असे. तो अपमान सोसला लँग्लीतल्याच मेरी जॅक्सननं, आणि हातोडा चालवणारा साहेब तर कोणी नव्हताच. माझी तक्रार मात्र वेगळी आहे. सिनेमा बघून डोळे पाणावतात, टाळ्या पडतात, पण या बायकांनी नेमकं मोजलं काय, हे बाहेर पडणाऱ्या दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. आणि खरी नवलाची गोष्ट तर तीच आहे.

मोजायचं काय असायचं, ते बघू. १९१५ मध्ये अमेरिकन सरकारनं विमानविद्येसाठी एनएसीए नावाची समिती नेमली. तिची पहिली प्रयोगशाळा म्हणजे हॅम्प्टन गावाजवळची लँग्ली. तिथं मोठमोठे विंड टनेल होते, म्हणजे बोगद्यात विमानाची किंवा पंखाची प्रतिकृती बसवायची आणि तिच्यावरून वारा सोडायचा. पंखाच्या पृष्ठभागावर बारीक बारीक भोकं असत. प्रत्येक भोकातून एक नळी निघून बाहेर द्रव भरलेल्या काचेच्या नळ्यांच्या रांगेला जोडलेली. वारा सुटला की ज्या भोकापाशी दाब जितका, त्या हिशेबानं त्या नळीतला द्रव वर चढे किंवा खाली उतरे. सगळ्या नळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा. इंजिनिअरचं काम तूर्त इथं थांबे आणि फोटो गणकांच्या खोलीत जाई.

तिथं एक बाई त्या फोटोतल्या प्रत्येक नळीची उंची वाचून कागदाच्या पहिल्या रकान्यात लिहायची. शेजारच्या रकान्यात त्यातून स्थिर हवेची पातळी वजा. पुढच्यात द्रवाच्या घनतेनं गुणून दाब. त्याच्या पुढच्यात वाऱ्याच्या वेगावरून निघणाऱ्या दाबानं भागून नुसता एक गुणांक, ज्याला एकक नसतं. त्या गुणांकामुळे बोगद्यातल्या छोट्या प्रतिकृतीचं उत्तर खऱ्या विमानाला लावता येतं. मग ते बिंदू आलेखकागदावर टिपायचे, वक्रपट्टी लावून रेषा काढायची, रेषेखालचं क्षेत्रफळ काढायचं. ते क्षेत्रफळ म्हणजे पंखाला वर उचलणारं बळ. हा झाला वाऱ्याच्या एका वेगाचा, पंखाच्या एका कोनाचा हिशेब. मग कोन दोन अंशांनी वाढवायचा आणि पुन्हा पहिला रकाना. टेबलावर फ्रिडेन किंवा मन्रो कंपनीचं विजेवर चालणारं आकडेमोडीचं यंत्र. भागाकार घातला की ते खडखडत राही आणि एका खोलीत अशी कितीतरी यंत्रं एकदम चालत. आलेलं उत्तर पुढं जाण्याआधी दुसरी बाई तपासून बघायची.

पगारपत्रकावर या बायकांचा हुद्दा ‘कॉम्प्युटर’ असा लिहिलेला असे. १९३५ मध्ये लँग्लीत पाच गोऱ्या बायकांपासून याची सुरुवात झाली. आकडेमोड आपल्यापेक्षा या मुली झपाट्यानं आणि अचूक करतात, अशी इंजिनिअरांचीच कबुली १९४२ च्या एका अंतर्गत टिपणात आहे. कबुली दिली, पण पगार आणि पद इंजिनिअरचं दिलं नाही.

पावकी-निमकी, अडीचकी-औटकी तोंडपाठ असलेले आजोबा ज्या घरात होते, त्या घरच्या माणसांना या कामाची चव कळेल. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ काढली आणि पुढं व्यंकटेश बापूजी केतकरांनी ग्रहांच्या गतीचं गणित आयुष्यभर हातानं केलं. ग्रह आज कुठं आहे ते ठाऊक, उद्या कुठं असेल ते काढायचं. यानाचं गणित हे त्याच कुळातलं आहे. एकच फरक, ग्रह चुकला तर पंचांग चुकतं. यान चुकलं तर आतला माणूस जातो.

कृष्णवर्णीय बायकांना गणकांच्या या कामात शिरायला मिळालं ते दुसऱ्या महायुद्धामुळे आणि एका धमकीमुळे. धमकी दिली ए. फिलिप रँडॉल्फ या कृष्णवर्णीय कामगार पुढाऱ्यानं. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत आमच्या लोकांना काम द्या, नाहीतर वॉशिंग्टनवर मोर्चा आणतो. २५ जून १९४१ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगात वर्णभेद करायला मनाई करणारा आदेश काढला. मोर्चा काढावा लागला नाही. १९४३ मध्ये लँग्लीनं गणित शिकलेल्या कृष्णवर्णीय बायका घ्यायला सुरुवात केली. त्यांची खोली वेगळी, आवाराच्या पश्चिम भागात, म्हणून त्या ‘वेस्ट कॉम्प्युटर्स’. जेवणघरात त्यांच्यासाठी मागचं एक टेबल राखलेलं आणि त्यावर ‘रंगीत गणक’ अशा अर्थाची पाटी. मिरियम मॅन नावाच्या ठेंगण्या बाईनं एक दिवस ती पाटी उचलून पर्समध्ये टाकली. काही दिवसांनी नवी पाटी आली. तीही तिनं पर्समध्ये टाकली. असं होत होत एक दिवस पाटी यायची बंद झाली. महाडचं तळं ज्यांना माहीत आहे त्यांना या टेबलाचं मोल वेगळं सांगायला नको.

डिसेंबर १९४३ मध्ये इथं डोरोथी वॉन आली. वय ३३, पदरात मुलं, फार्मव्हिल गावातल्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत गणिताची शिक्षिका. लँग्लीचा पगार शाळेच्या दुपटीहून जास्त होता. नोकरी युद्धापुरती म्हणून धरली आणि ती १९७१ पर्यंत चालली. १९४९ मध्ये ती वेस्ट कॉम्प्युटर्सची प्रमुख झाली. एनएसीएमध्ये प्रमुखपदावर बसलेली ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. कुठल्या इंजिनिअरच्या कामाला कोणती बाई योग्य, हे तिच्याइतकं कोणाला कळत नसे. इंजिनिअरही तिचा शब्द मानत. १९५८ मध्ये एनएसीए जाऊन नासा आली. वेगळी खोली मोडली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या खोलीबरोबर डोरोथीचं प्रमुखपदही गेलं आणि तसं पद तिला पुन्हा कधी मिळालं नाही. ती फोर्ट्रान ही संगणकाची भाषा शिकली. माणसांचं काम आता यंत्राकडे जाणार हे तिला वेळेवर उमगलं होतं आणि तिनं सोबतच्या बायकांनाही ते शिकायला लावलं. इतकी दूरदृष्टी दाखवणाऱ्या बाईला नासानं पुन्हा प्रमुख केलं नाही. माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वांत मोठा नासाडीचा हिशेब आहे.

ज्या शाळेत डोरोथी शिकवायची त्या रॉबर्ट रुसा मोटन शाळेचं पुढं काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या मुलीच्या पुढाकारानं तिथल्या विद्यार्थ्यांनी पडक्या, दाटीवाटीच्या वर्गांविरुद्ध संप केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५४ च्या ज्या निकालानं अमेरिकेत शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला, त्या ब्राउन खटल्यात हेही एक प्रकरण होतं. काळी-गोरी मुलं एका वर्गात बसवण्यापेक्षा फार्मव्हिलच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं आपल्या सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. १९५९ ते १९६४, पाच वर्षं. कॅथरिनचा अहवाल छापून आला तो १९६० मध्ये, याच राज्यात. एकीकडे माणूस अवकाशात पाठवायचं गणित आणि दुसरीकडे पोरांना शाळेचं दार बंद.

मेरी जॅक्सन हॅम्प्टनचीच. १९५१ मध्ये वेस्ट कॉम्प्युटर्समध्ये आली आणि दोन वर्षांनी काझिमिएर्झ चार्नेकी या इंजिनिअरच्या हाताखाली स्वनातीत वाऱ्याच्या, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान वाऱ्याच्या बोगद्यात गेली. बोगद्याला ६०,००० अश्वशक्तीचं यंत्र. चार्नेकीनं तिला इंजिनिअर व्हायला सांगितलं. त्यासाठीचे रात्रीचे वर्ग गोऱ्यांच्या हायस्कुलात भरत, तेव्हा तिथं बसायला तिला नगरपालिकेकडून खास परवानगी काढावी लागली. १९५८ मध्ये ती नासाची पहिली कृष्णवर्णीय स्त्री इंजिनिअर झाली. त्याच वर्षी चार्नेकीबरोबरचा तिचा अहवाल आला. अणकुचीदार शंकूवरून स्वनातीत वेगानं हवा वाहते तेव्हा ती आधी शिस्तीत, थराथरानं सरकते आणि पुढं कुठंतरी एकाएकी खवळते. ती नेमकी कुठं खवळते आणि शंकूच्या टोकाचा कोन लहानमोठा केल्यानं ती जागा कशी बदलते, हा अहवालाचा विषय. खवळलेली हवा घर्षण वाढवते, घर्षण उष्णता वाढवतं. अवकाशातून परतणाऱ्या कुपीच्या दृष्टीनं हा जीवनमरणाचा प्रश्न. पुढं बढतीची वाट बंद दिसल्यावर १९७९ मध्ये मेरीनं इंजिनिअरचं पद सोडलं, खालची श्रेणी पत्करली आणि नासातल्या बायकांना पुढं आणण्याचं काम घेतलं. वॉशिंग्टनमधल्या नासाच्या मुख्य कार्यालयाला आज तिचं नाव आहे.

आता पुन्हा कॅथरिन. जन्म २६ ऑगस्ट १९१८, वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज गावी. तिच्या गावात कृष्णवर्णीय मुलांना आठवीपुढं शाळाच नव्हती. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंबानं दुसऱ्या गावी बिऱ्हाड केलं. १८ व्या वर्षी ती पदवीधर झाली. कॉलेजात क्लेटर नावाचे प्राध्यापक होते. त्रिमितीय अवकाशाच्या भूमितीचा एक खास वर्ग त्यांनी सुरू केला, तो तिच्यासाठी. वीसेक वर्षांनी ती भूमिती अशी कामाला येईल हे त्या दोघांना तरी कुठं ठाऊक होतं!

१९५३ मध्ये ती लँग्लीत आली आणि दोनच आठवड्यांत डोरोथीनं तिला उड्डाण संशोधन विभागात पाठवलं. तात्पुरती गेली, पण तिला परत पाठवायला कोणी तयार होईना. सुरुवातीच्या कामांतलंच एक एका अपघाताचं होतं. एक छोटं पंख्याचं विमान निरभ्र आकाशातून, कारण कळेल असं काही न होता कोसळलं होतं. विमानातल्या नोंदींच्या फिल्मवरून वेग, उंची, धक्के हे आकडे क्षणाक्षणाला वाचून काढायचे होते. त्या आकड्यांतून उलगडा झाला. त्याच वाटेला आडवं एक मोठं जेट आधी जाऊन गेलं होतं. त्याच्या पंखांनी हवेत पाडलेले भोवरे, जेट दिसेनासं झाल्यावरही बऱ्याच वेळानं, तिथंच फिरत होते आणि छोटं विमान त्यात शिरलं होतं. आज मोठ्या विमानामागून लहान विमान सोडताना मध्ये अंतर ठेवतात, ते अशाच अभ्यासांमुळे. रिकाम्या दिसणाऱ्या हवेतला भोवरा आकड्यांच्या रकान्यातून सापडावा, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

विभागाच्या बैठकांना बायका बसत नसत. आम्ही येऊ नये असा काही कायदा आहे का, असं तिनं विचारलं. कायदा नव्हता. ती बसू लागली. १९६० चा अहवाल तिच्याकडे आला तो स्कोपिन्स्की दुसऱ्या कामावर निघाले होते तेव्हा. बहुतेक काम हिनंच केलंय, हिलाच पुरं करू द्या, असं त्यांनी साहेबाला सांगितलं.

२० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन ‘फ्रेंडशिप ७’ मधून पृथ्वीभोवती फिरला. तोवर आकडेमोड आयबीएम ७०९० या इलेक्ट्रॉनिक यंत्राकडे गेली होती. पण ही यंत्रं तेव्हा नवी होती, मधूनच बंद पडत, आणि जीव यंत्राच्या भरवशावर टाकायला ग्लेन तयार नव्हता. त्या मुलीकडून आकडे तपासून घ्या, असं तो म्हणाला. ‘मुलगी’ तेव्हा ४३ वर्षांची, तीन मुलींची आई. कॅथरिननं टेबलावरच्या यंत्रावर तीच समीकरणं सोडवली. अकरा राशी आणि आठ-आठ अंकांपर्यंत अचूकता. दीड दिवस लागला. आयबीएमचे आकडे आणि तिचे आकडे जुळले. सिनेमात हे सगळं यान सुटायच्या ऐन वेळी घडतं. खरोखरीचं ते आधीच, शांतपणे झालं होतं.

ग्लेनच्या वाटेत भारत आला नाही. त्याच्या तीन फेऱ्या आफ्रिका, हिंदी महासागर, ऑस्ट्रेलिया अशा गेल्या. पण समजा त्याचं यान एका फेरीत उमरखेडवरून गेलं असतं, तरी पुढच्या फेरीत ते आपल्यावर आलं नसतं. एका फेरीला सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटं आणि तेवढ्यात पृथ्वी २२ अंश फिरलेली. आपल्या अक्षांशावर ते अंतर सुमारे २,३०० किलोमीटर होतं. दुसऱ्या फेरीत यानाच्या खाली ओमानचं वाळवंट असतं. आकाशातली वाट तीच, खालची जमीन तेवढी पूर्वेकडे निघून गेलेली. म्हणूनच ग्लेनला उतरवण्यासाठी कोणत्या क्षणी उलट दिशेचे अग्निबाण पेटवायचे, हा अख्ख्या मोहिमेतला कळीचा आकडा होता.

आणि इथं एक गंमत आहे. ४ तास ५५ मिनिटांनी ग्लेन समुद्रात उतरला तो ठरल्या जागेच्या ४० मैल अलीकडे, म्हणजे साधारण उमरखेड ते नांदेड एवढ्या सरळ अंतरावर. समीकरणं चुकली नव्हती. प्रवासात इंधन आणि इतर साठा खर्च होऊन यान हलकं झालं होतं आणि तेवढं वजन उतरतानाच्या हिशेबात वजा करायचं राहून गेलं होतं. गणित बिनचूक असलं तरी त्यात घातलेलं वजन खरं असावं लागतं. जवळच्या जहाजानं ग्लेनला उचलून घेतलं, एवढंच.

अशा बायका लँग्लीपुरत्याच होत्या असं नाही. क्लीव्हलँडच्या प्रयोगशाळेत ॲनी ईझली सेंटॉर अग्निबाणाच्या कामात होती. गोडार्ड केंद्रात मेल्बा रॉय मूटन ‘एको’ उपग्रहांच्या कक्षांचं गणित करणाऱ्या गटाची प्रमुख होती. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या एका प्रचंड पर्वताला २०२३ मध्ये तिचं नाव दिलं गेलं, मॉन्स मूटन. क्रिस्टीन डार्डन १९६७ मध्ये लँग्लीत आली. माझ्याएवढंच शिकलेले पुरुष इंजिनिअर आणि मी मात्र गणक, असं का, हे तिनं वरिष्ठांना सरळ विचारलं. पुढं तिनं १९८३ मध्ये डॉक्टरेट घेतली आणि स्वनातीत विमानाचा जमिनीवर ऐकू येणारा दणका कमी कसा करावा, या विषयातलं तिचं काम जगभर मानलं गेलं.

महाराष्ट्राचा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांशी असलेला धागा बराच जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. मोर्चे, कविता, जाहीरनामे यांची ही देवाणघेवाण आपण पुष्कळ सांगतो. त्यात या गणिती बायकांची भर मात्र अजून पुरेशी पडलेली नाही.

कॅथरिन १९८६ मध्ये निवृत्त झाली. एकटीनं किंवा इतरांबरोबर लिहिलेले २६ संशोधन अहवाल तिच्या नावावर आहेत. २०१५ मध्ये, ९७ व्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तिला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २४ फेब्रुवारी २०२० रोजी १०१ व्या वर्षी ती गेली. मेरी २००५ मध्ये आणि डोरोथी २००८ मध्ये, असल्या कुठल्याही गाजावाजाआधीच गेल्या होत्या.

१९६० चा तो अहवाल नासाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट मिळतो. क्रमांक टीएन डी-२३३. बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही मुलीला, थोडी गोलीय त्रिकोणमिती शिकून घेतली तर, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवता येईल. कॉलेजातल्या गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, वर्गात सिनेमा दाखवणार असाल तर जरूर दाखवा, पण दुसऱ्या दिवशी हा अहवाल फळ्यावर घ्या.